दसऱ्याची मोटार

आजीच्या माहेरून आलेला एक फोटो आमच्या ओसरीवर, देवळीच्या वर, खिळ्याला टांगलेला असायचा. पारोळ्याजवळच्या एका जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्याच्या, आवारातला. मागे पत्र्याचं लांबलचक छप्पर, त्याखाली लोखंडी पट्ट्या आवळलेल्या कापसाच्या गाठींची थप्पी. मधोमध मोटार. तिच्या तोंडावर झेंडूच्या माळा, दिव्यांना आंब्याची पानं, म्हणजे दसरा. एका बाजूला माझे पणजोबा, काळा कोट, धोतर, डोक्याला पागोटं. ते त्या जिनात काट्यावर होते, गाड्या तोलून घेण्याचं काम. मोटार मालकाची, पण पूजेच्या दिवशी तिच्याजवळ उभं राहण्याचा मान त्यांना मिळाला होता. आणि मोटारीच्या फूटबोर्डवर, म्हणजे दाराखालच्या पायरीवर, सहा-सात वर्षांची एक मुलगी, परकर-पोलक्यातली, एक हात दारावर टेकवून सरळ समोर बघणारी.

ही मुलगी म्हणजे थोरली, असं घरात सगळे सांगत. थोरली ही आजीची मोठी बहीण. १९१८ सालच्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीत, ती दोन दिवसांच्या तापानं गेली. आजीचा जन्मही तेव्हा झाला नव्हता. फोटो त्याच्या आदल्या वर्षीच्या दसऱ्याचा, मोटार फोर्ड, मुलगी थोरली. या तीन गोष्टी आम्हा भावंडांना पाढ्यांसारख्या पाठ होत्या. सर्वपित्रीला आजी त्या चौकटीला एक फूल वाहायची. पणजी, म्हणजे आजीची आई, फोटो चौकटीत जाण्याआधी तो पेटीतून काढून त्या मुलीच्या तोंडावरून बोट फिरवायची, असं वडील सांगतात. चौकट उघडली तेव्हा मला ते दिसलं. तेवढ्याच जागी कागदाचा खरखरीतपणा गेला आहे, बोटाला गुळगुळीत लागतो.

मी बत्तीस वर्षं एस.टी.च्या कार्यशाळेत काढली. पाटे, धुरे, ब्रेकची ढोलकी म्हणजे ड्रम, गिअरबॉक्स यांत हात काळे करण्यात आयुष्य गेलं आणि ते मला आवडलं. निवृत्त झाल्यावर जुन्या फोटोंतल्या मोटारी ओळखण्याचा नाद लागला. सुरुवात पुतण्यापासून झाली. त्याला कुठून तरी धुळ्याकडचा एक फोटो मिळाला होता, ही कुठली गाडी काका, म्हणून त्यानं तो मोबाइलवर पाठवला. मी सांगितलं. मग त्याच्या मित्रानं पाठवला, मग मित्राच्या सासऱ्यांनी. आता चाळीसगाव, चोपडा, शहादा, दोंडाईचा, कुठून कुठून फोटो येतात. लोक मला मोटारीचं नाव विचारतात, पण त्यांना खरं तर सालच हवं असतं. मोटारीशेजारी उभा असलेला माणूस त्यांचा असतो आणि त्याच्या आयुष्याची एकही तारीख त्यांच्याकडे नसते. आमच्याकडे जुन्या पिढीच्या जन्माची नोंद म्हणजे ‘प्लेगच्या साली’, ‘मानमोडीच्या नंतर दोन पावसाळ्यांनी’ अशीच. फोटोतली माणसं, झाडं, भिंती कुणीच आपलं वय सांगत नाही. मोटार मात्र सांगते. ती कारखान्यात बनली, तिच्यासारख्या हजारो बनल्या आणि कुठल्या वर्षी तिच्या अंगावर काय बदललं हे लिहून ठेवलेलं आहे. सगळ्या फोटोत जन्मदाखला असलेली ती एकटीच.

नियम एकच, आणि तो मी प्रत्येकाला सांगतो. फोटोचं वय त्यातल्या सगळ्यात नव्या वस्तूवरून धरायचं. जुनी मोटार वीस वर्षं रस्त्यावर राहू शकते, म्हणून जुन्या मोटारीवरून फोटो जुना ठरत नाही. पण जी वस्तू तेव्हा बनलीच नव्हती ती फोटोत येणार नाही. मोटार फक्त ‘याच्या आधी नाही’ एवढंच ठामपणे सांगते. पुढचं माणसांच्या वयावरून, कपड्यांवरून, घरातल्या आठवणींवरून जुळवायचं.

फोटो आला की बहुतेक लोक आधी मोटारीचं तोंड बघतात. मी चाकं बघतो. जुन्या मोटारींच्या चाकांना लाकडी आरे असत, आपल्या बैलगाडीसारखेच, फक्त बारीक आणि तुंब्याजवळ, म्हणजे चाकाच्या मध्याशी, एकमेकांत घट्ट पाचरलेले. सुतारानं धाव चढवलेलं चाक पाहिलेल्या माणसाला ते लगेच ओळखू येतं. काही गाड्यांना सायकलीसारखे तारांचे आरे, तर काहींना सपाट पत्र्याची तबकडी. मग टायर. सुरुवातीचे टायर अंगानं बारीक, हवेनं टणक फुगवलेले. १९२३-२४ नंतर जाडजूड, कमी हवेचे ‘बलून’ टायर आले आणि मोटारीचा पायच भरदार दिसू लागला. आणि चाकांच्या आतल्या बाजूला, आऱ्यांमधून, ब्रेकची ढोलकी दिसते का, हे बघायचं. मागच्या चाकांना ती पहिल्यापासून होतीच. पुढच्या चाकांना ब्रेक देण्याची पद्धत सर्वसामान्य गाड्यांत विसाच्या दशकाच्या मध्यापासून रुळली. ज्यानं आयुष्यभर ब्रेकची ढोलकी उतरवली त्याची नजर आपोआप तिथंच जाते.

त्यानंतर तोंड. तेव्हाच्या मोटारीचा रेडिएटर उघडा असे, त्याच्याभोवतीची चौकट हाच तिचा चेहरा. रोल्स-रॉइसची चौकट देवळाच्या दर्शनी भागासारखी, वर त्रिकोणी शिखर. पॅकार्डच्या चौकटीचे खांदे बैलाच्या जुवासारखे वळलेले. डॉज ब्रदर्सच्या बिल्ल्यात दोन त्रिकोण एकमेकांत गुंतवून केलेली सहा टोकांची चांदणी. मॉरिसची १९१३ ते १९२६ पर्यंतची गाडी बैलाच्या नाकासारखी गोल फुगलेली, इंग्रजांनीच तिला तसं नाव दिलं होतं. रेनोला तर पुढून तोंडच दिसत नाही. तिचा रेडिएटर इंजिनाच्या मागे असे आणि बोनेट पुढे उतरत गेलेलं, कोळशाच्या फावड्यासारखं. विसाच्या दशकाच्या अखेरीपर्यंत तिचं ते रूप कायम होतं.

आणि फोर्ड. खेड्यात ‘फोर्ड’ हा शब्द कुठल्याही जुन्या मोटारीला लावतात, त्यामुळे नव्वद टक्के फोटो माझ्याकडे फोर्ड म्हणूनच येतात. खरी मॉडेल टी १९०८ ते १९२७ पर्यंत बनली, दीड कोटीहून जास्त. एवढी वर्षं एकच गाडी, तरी तिचं वय लावता येतं. १९१६ पर्यंतच्या गाडीचं रेडिएटर पितळी, लखलखीत, आणि बोनेट त्याच्यापासून एकदम कोन करून मागे गेलेलं. १९१७च्या मॉडेलपासून काळी चौकट आली, बोनेट गोलसर झालं, मडगार्ड वळणदार. १९१५च्या आधीच्या गाडीचे दिवे पितळी आणि कार्बाइडच्या गॅसवर जळणारे. फूटबोर्डवर पितळी डबी असे, तिच्यात कार्बाइडचे खडे आणि वरून थेंब थेंब पाणी. त्यातून निघालेला गॅस रबरी नळीनं दिव्यांत. जळगावच्या माणसाला हा वास वेगळा सांगावा लागत नाही. केळी पिकवायला गोदामांत हेच खडे वापरत, आता त्याला बंदी आहे. तो लसणासारखा उग्र वास नाकात बसलेल्या माझ्या पिढीला, त्या पितळी डबीकडे बघितलं की फोटोतून वास येतो.

रंगाचं मात्र कुणी विचारू नये. ‘आजोबा सांगायचे मोटार लाल होती, फोटोत काळी कशी?’ असं पुष्कळ जण विचारतात. आजोबा बरोबरही असू शकतात. जुन्या काचेच्या प्लेटांवरचा मसाला लाल रंगाला आंधळा होता. लाल वस्तू काळी उतरे आणि आकाशाचा निळा रंग पांढराफटक. कुंकू काळं दिसतं ते त्यामुळेच.

शहाद्याच्या एका शिक्षकांनी पाठवलेल्या फोटोत मोटारीचं चाक, म्हणजे स्टिअरिंग, डाव्या हाताला होतं. घरात समज असा की गाडी थेट अमेरिकेहून मागवलेली. मी शेजारच्या माणसाचा कोट बघितला. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते, इथे उलटं होतं. काचेची निगेटिव्ह पालथी ठेवून छापलेली. फोटो आरशात धरला की मोटार इंग्रजी अमलाखालच्या रस्त्यावर, जशी असायला हवी तशी, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची.

काही फोटोंत मोटार नसतेच. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा असो की अमळनेरची सखाराम महाराजांची, पडदे टांगून फोटो काढणारे तिथे येत, आणि त्यांच्याकडे फळीची, रंगवलेली मोटार असे. मागे दोघं बसत, एकाच्या हातात खरं स्टिअरिंग देत. चाकाची सावली जमिनीवर पडत नाही, यावरून ती ओळखायची. अशा फोटोंना कमी लेखू नये असं मला वाटतं. ज्यांनी आयुष्यभर बैलगाडीखेरीज काही चालवलं नाही त्यांच्या तोंडावरचा आनंद त्यात पुरेपूर उतरला आहे. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांनी टेबलावर लहानसहान वस्तू मांडून फोटोत अख्खे देखावे उभे केले, आयुष्यातली कितीतरी वर्षं घराबाहेर न पडता. त्यांच्या वास्तूत जाऊन ते फोटो पाहिल्यापासून मी प्रत्येक फोटोत आधी उजेड कुठून येतोय आणि सावली कुठे पडतेय हे बघायला लागलो.

मला सगळ्यात जास्त आवडतात त्या सर्व्हिस मोटारी. एस.टी. आली ती १ जून १९४८ला, पुणे-अहमदनगर मार्गावर. त्याआधी गावोगावी खाजगी सर्व्हिस मोटारी धावत. लाकडी बॉडी, टपावर ओझं, टपावरच चार माणसं. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशन लागलं तेव्हा या गाड्या कोळशावर चालल्या. आग्रा रोडवर शिरपूरकडे काढलेला म्हणून एक फोटो माझ्याकडे आला, त्यात गाडीच्या मागे माणसाच्या उंचीची लोखंडी टाकी बसवलेली आहे. पाठवणाऱ्यांना वाटलं पाण्याची. ती कोळशाची भट्टी. निघण्याआधी क्लीनर तिच्यात लाकडी कोळसा पेटवायचा, हातपंख्यानं वारा घालायचा, आणि पुरेसा गॅस तयार झाला की मगच इंजिन धरायचं. जोर पेट्रोलपेक्षा कमी, म्हणून चढावर उतारू खाली उतरत. त्या फोटोत क्लीनर भट्टीजवळ उभा आहे, त्याच्या हाताच्या कोपरापर्यंत काजळी. फोटो काढतायत म्हणून त्यानं तोंड तेवढं धुतलेलं दिसतं. गाडीवर भट्टी आहे एवढ्यावरून मी त्या फोटोवर ‘बहुधा चाळिसाचं दशक’ असं लिहिलं. पण मी बराच वेळ त्या हातांकडेच बघत होतो.

नंबरावरून सगळं कळत असेल असं लोकांना वाटतं. आताच्या गाडीचं कळतं. एमएच-१८ धुळे, १९ जळगाव, ३९ नंदुरबार, हे शेंबडं पोर सांगेल. पण हे १९८९नंतरचं. त्याआधीचे नंबर जुळवायला दप्तरं लागतात, आणि दप्तरं लावायची तर खान्देश आधी पूर्व आणि पश्चिम असा दोन जिल्ह्यांत वाटलेला, १९०६पासून. नंबरपाटी मदतीला येते ती फार क्वचित. शिवाय सणाच्या दिवशी ती हारांखाली जाते.

एक फोटो मला जड गेला. शिरपूर तालुक्यातले एक गृहस्थ स्वतः घेऊन आले होते, पिशवीत, टॉवेलात गुंडाळून. त्यांच्या वडिलांचा, जीपवर उभे राहून भाषण करतानाचा. घरात तो ‘बेचाळीसचा’ म्हणून पूजेला लावलेला. मी भिंगानं जीपचं तोंड बघितलं. रेडिएटरसमोरच्या जाळीला सात उभ्या खाचा. युद्धातल्या जीपला पत्र्याच्या जाळीत नऊ असत. सात खाचांची जीप ही नागरी वापरासाठीची, १९४५पासूनची, आणि आपल्याकडे महिंद्रांनी विलीज जीप जुळवायला घेतल्या त्या १९४७मध्ये. फोटो बेचाळीसचा असणं शक्य नव्हतं. मी ते सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. वडील तुरुंगात गेले होते, त्याचे कागद त्यांच्याकडे होते, त्या माणसाच्या मोठेपणाला फोटोच्या सालानं ढळ पोचत नव्हता. हे सगळं मी त्यांना समजावलं. ते ‘बरोबर आहे’ म्हणाले, फोटो टॉवेलात गुंडाळला आणि चहा न घेता गेले. त्यांनी पिशवीचे बंद बांधायला जो वेळ घेतला तो अजून डोळ्यांसमोर आहे.

म्हणून आमच्या घरातला फोटो मी कितीतरी दिवस काढलाच नव्हता. रोज जाता-येता डोळ्यांना दिसतो त्याकडे माणूस बघत नाही, हे एक. दुसरं म्हणजे, आता वाटतं, मला आतून भीती होती.

घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरलं तेव्हा चौकट खाली आली. मागची फळी कुजलेली, वाळवीनं एक कोपरा खाल्लेला. फोटो बाहेर काढला. पूर्वी कधीतरी कुणा फ्रेमवाल्यानं चौकटीत बसावा म्हणून त्याची खालची कड कापली आहे. फोटोग्राफरचा शिक्का बहुधा त्याच कडेला असतो. ज्यांच्याकडे असे जुने फोटो आहेत त्यांना हात जोडून सांगतो, फोटोला कात्री लावू देऊ नका, चौकट मोठी करा. कडांना चांदी चढली होती, तिरपं धरलं की निळसर चमकायची. मी तो स्कॅन केला, मोठा केला आणि सवयीनं चाकांपासून सुरुवात केली.

आरे लाकडी. टायर जाड, बलूनचे. इथेच मी थांबलो. १९१७ची फोर्ड बारीक टायरांची असते. मग पुढचं चाक. आऱ्यांमधून, अगदी स्वच्छ, ब्रेकची ढोलकी. मॉडेल टीला शेवटपर्यंत, १९२७पर्यंत, पुढच्या चाकांना ब्रेक नव्हतेच. म्हणजे ही मॉडेल टी नव्हती. तोंडावर झेंडूची माळ, तिच्याखाली रेडिएटरच्या चौकटीवर बिल्ल्याचं एकच टोक डोकावत होतं. आडवं, कडेला तिरपं कापलेलं. आजवर सगळ्यांनी, मीही, ते पान समजलं होतं. माळेच्या दुसऱ्या बाजूला तसंच दुसरं टोक. गळ्यातल्या बो-टायसारखा बिल्ला, शेव्हरोलेचा. शेव्हरोलेला चारही चाकांना ब्रेक मिळाले १९२८च्या मॉडेलपासून. त्याच साली जनरल मोटर्सनं मुंबईला शिवडीत मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला. सुटे भाग बोटीनं येत आणि इथे गाडी उभी राहत असे. आपल्या मुलखात विसाच्या दशकाच्या शेवटी एकदम शेव्हरोले दिसू लागतात त्याचं हे कारण. दुसऱ्या बाजूची मर्यादाही मिळाली. मोटारीचं तोंड अगदी ताठ, उभं आहे आणि तिच्या अंगावर नव्या गाडीचा तजेला आहे. १९३३पासून शेव्हरोलेचं तोंड मागे झुकलं, रेडिएटर जाळीमागे गेला.

दसरा, १९२८ ते १९३२ यांपैकी एखादा. थोरलीला जाऊन दहा वर्षं तरी उलटली होती.

पुन्हा बघितलं तर सगळा फोटो तेच सांगत होता. पणजोबांच्या मिशा पांढऱ्या होत चाललेल्या आहेत. १९१७ साली ते तिशीच्या आसपास असणार. घरात याचंही उत्तर तयार होतं, जिनातल्या कापसाच्या कणांनी आणि कष्टानं ते लवकर पिकले, असं. आम्ही त्यांच्या मिशा वाकवल्या, फोटोचं साल वाकवलं नाही.

मी हे वडिलांना सांगितलं नाही. वर्षभर सांगितलं नाही. एका मुलीचं एकच चित्र होतं घरात आणि ते मी काढून घेणार होतो. त्या बदल्यात माझ्याकडे देण्यासारखं काही नव्हतं. फूटबोर्डवरची मुलगी कोण, हे मोटार सांगत नव्हती. नात्यातली असेल, मालकाच्या घरची असेल, दिवाणजीची असेल. आजीचा विचार मनात आला होता. तिचा जन्म मानमोडीनंतर पाच-सहा वर्षांनी, हिशेब जुळत होता. पण मग आजीनं स्वतःच्या फोटोला थोरली म्हणून फूल का वाहावं? सहा वर्षांच्या मुलीला मोटारीवर चढल्याचं आठवतं. त्या काळात तर जन्मभर आठवेल. या प्रश्नापाशी मी अडकून पडलो.

उत्तर माझ्याकडे होतं, पन्नास वर्षांपासून.

मी सात-आठ वर्षांचा असेन. दुपारची वेळ, आजी ओसरीवर शेंगा फोडत बसलेली, मी त्या फोटोकडे तोंड करून उताणा पडलेलो. मोटारींचं वेड तेव्हापासूनचंच. आजीनं विचारलं, “कायले इतलं देखी राहिना रे?” मी म्हटलं, मोटारवर चढायला कसं वाटत असेल? आजी घरात अहिराणीच बोलायची. शेंगा फोडता फोडता ती म्हणाली, “पायरी इतली तपेल व्हती, पायले चटका बसना. माय बोलनी, हालू नको.” आणि पुढची शेंग फोडली. मला वाटलं, थोरलीची गोष्ट ती सांगतेय, तिच्या आईनं तिला सांगितलेली. मी तसंच धरून चाललो. अहिराणीत त्या वाक्यांत ‘मला’ की ‘तिला’ हे सांगावं लागत नाही. चटका कुणाला बसला, हालू नको कुणाला म्हटलं, ती बोलली नाही आणि मी विचारलं नाही.

हे एकदम आठवलं ते फोटोसमोर बसलेलो असताना नव्हे, अंगणात. ऑक्टोबरच्या उन्हात शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरच्या पायरीवर हात टेकवला आणि झटकन काढला तेव्हा. आत येऊन फोटो पुन्हा मोठा केला. शेव्हरोलेच्या फूटबोर्डवर रबराचं काळं पट्टेदार आच्छादन असे आणि कडेला धातूची पट्टी. दसऱ्याचं ऊन, काळं रबर, अनवाणी मुलगी. तेव्हाचा फोटोग्राफर काचेची प्लेट लावून भिंगावरचं टोपण काढायचा, मनात आकडा मोजायचा आणि टोपण परत लावायचा. तेवढा वेळ सगळ्यांनी दगडासारखं उभं राहायचं. पणजोबा उभे आहेत, चालक उभा आहे, मागचे दोन हमाल श्वास रोखून आहेत. मुलीचा चेहरा रेखीव, दारावरचा हात रेखीव, परकराची किनार मोजता येईल इतकी स्पष्ट. डावं पाऊल फूटबोर्डवर नीट टेकलेलं, पाचही बोटं दिसतात. उजवं पाऊल पुसट आहे. घोट्याच्या खाली नुसता पांढुरका धूर, दोन ठिकाणी. एकदा खाली, एकदा डाव्या पावलाच्या वर.

वडील आता पंच्याऐंशीचे आहेत. त्यांच्या हातात भिंग दिलं, मोटारीचं सगळं सांगितलं, ढोलकी दाखवली, बिल्ल्याची दोन टोकं दाखवली. ते हं हं करत राहिले. मग पाऊल दाखवलं आणि आजीचं वाक्य सांगितलं, जसंच्या तसं. त्यांनी भिंग त्या पावलावर बराच वेळ धरलं. म्हणाले, “आईच्या आईला सगळे मोठी माय म्हणायचे. मोठी माय हा फोटो हातात घेऊन थोरलीशी बोलायची. आई शेजारीच बसलेली असायची.” थोडं थांबून म्हणाले, “दोघी बहिणी एका तोंडाच्या होत्या, असं मामा सांगायचे.”

पुढे बोलले नाहीत. मग विचारलं, “मग थोरली?”

फोटो आता नव्या चौकटीत आहे, कड न कापता, उन्हापासून दूर. मागच्या बाजूला, मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं मी लिहिलं आहे. वडिलांनी शब्द सांगितले, मी उतरवून घेतले.

दसरा, १९२८ ते १९३२च्या दरम्यान. पारोळ्याजवळचा जीन. मोटार शेव्हरोले, मालकांची. उभे, पणजोबा. फूटबोर्डवर आजी, वय सुमारे सहा. थोरलीचा फोटो नाही.